काळ्या भांड्यातली भेंडी

एल्डा फ्रूजेला तिच्या नणंदेने चाळीस वर्षांत एकदाही भेंडीला हात लावू दिला नाही. लग्नानंतर पहिल्या रविवारी एल्डा सासरच्या जेवणाला जायची होती, तेव्हा नणंदेने, म्हणजे ओदीलने, आपल्या भावाला आधीच निरोप धाडून विचारलं होतं, "तिला बटाटे तरी उकडता येतात का?" येतात, म्हणाला दुरेल. बिचाऱ्याला वाटलं, आपण बायकोची बाजू घेतली. त्या एका उत्तरावर एल्डाच्या पदरात बटाट्याचं सॅलड पडलं ते कायमचंच.

टेक्सासच्या शेजारी, मामू आणि बासील या गावांच्या मधल्या त्या सपाट भातशेतीच्या मुलखात मांस हे पुरुषांचं काम. डुक्कर भाजायचं, रस्सा ढवळायचा, बिअरची बाटली हातात धरून त्याच्याभोवती उभं राहायचं आणि मग आठवडाभर त्याचीच फुशारकी मारायची. पण मांस काय, कुणालाही भाजता येतं, असं तिथल्या बायका पुरुष ऐकत नसले की म्हणतात. घराची अब्रू असते ती तोंडीलावण्यांवर. भेंडी, मका, कलेजीचा भात, रताळी. प्रत्येक पदार्थाला एक मालकीण असते आणि ती जिवंत असेपर्यंत दुसऱ्या कुणी तो पदार्थ रविवारच्या टेबलावर मांडायचा नसतो. मालकीण गेली की मगच तो पुढच्या हातात जातो. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची भेंडी, त्यांचा मका आणि त्यांचा कलेजीचा भात, तिन्ही ओदीलकडे गेले. वाटणी वगैरे झाली नाही. ओदीलने दफनाच्या दिवशीच भांडी उचलली.

बटाट्याचं सॅलड मात्र कुणाचंच नव्हतं, म्हणून ते एल्डाला मिळालं. त्यातही ओदीलला मोहरी जास्त लागायची, बटाटे फार कुस्करलेले वाटायचे, आणि गोड लोणचं घातलंय की काय असा संशय यायचा. एल्डाने आयुष्यात कधी गोड लोणचं घातलं नाही. फक्त एकदा रागाच्या भरात घातलं, तर त्या दिवशी ओदीलने दोनदा वाढून घेतलं आणि चकार शब्द काढला नाही. ही गोष्ट एल्डाने दुरेलखेरीज कुणाला सांगितलेली नव्हती.

तशी एल्डा हाताची वाईट नव्हती. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सत्तावीस वर्षं काढली होती. रोज तीनशे पोरांचा भात. त्यातला कलेजीचा भात असला की उनाड पोरंही शाळा बुडवायची नाहीत. आजही दुकानात टक्कल पडलेला एखादा बाप्या तिला थांबवून त्या भाताची आठवण काढतो. ओदील त्याला 'ट्रेमधला भात' म्हणायची. "पोरांना भूक लागलेली असते गं, ती काय खडेही खातील," असं सर्वांदेखत म्हणायची आणि एल्डाचं तोंड पाहायची. एल्डाही काही कमी नव्हती. ओदीलच्या भातात कलेजी शोधायला भिंग लागतं, असं ती म्हणायची, पण ते घरी, दुरेलपाशी. समोर म्हणायची तिची कधी छाती झाली नाही.

भेंडीची गोष्ट मात्र सगळ्या घराण्याला तोंडपाठ होती. लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात एल्डाने आपल्या घरी, आपल्या चुलीवर, आईने दिलेल्या काळ्या लोखंडी भांड्यात भेंडी शिजत टाकली होती. ओदील शिवणाचा कसलासा कागदी नमुना परत करायला आली आणि तिने झाकण उचललं. भेंडी लोखंडात तासन्‌तास शिजली की काळी पडते. चव बिघडत नाही म्हणा, पण रूप असं होतं की पाहुण्यासमोर ठेवायची लाज वाटावी. त्या मुलखात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भेंडीला ॲल्युमिनियमचं जाड पातेलं, भाताला लोखंडाचं, म्हणजे भाताची खरपुडी तळाला धरते. एल्डाची आई दलदलीकडची, मासे खाणाऱ्यांतली, त्यांच्याकडे भेंडी रश्शात पडायची आणि रस्सा काळाच असायचा. ते कोण ऐकून घेणार? पुढची चाळीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक ईस्टरला, दुरेलच्या दफनानंतरच्या जेवणातसुद्धा, त्या काळ्या भेंडीची गोष्ट नव्याने वाढली गेली.

दुरेलला जाऊन अकरा वर्षं झाली. ओदीलचा नवरा त्याच्याआधीच गेला होता. एल्डाला मूलबाळ नाही. ओदीलला एकच मुलगा, वेल्टन, तो लेक चार्ल्स नावाच्या शहरात तेलाच्या कारखान्यात कामाला. त्यामुळे खडीच्या एका रस्त्यावर अर्ध्या मैलाच्या अंतराने दोन म्हाताऱ्या विधवा उरल्या होत्या आणि त्यांना भांडायला एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. रोज सकाळी सातला फोन. कुणी आधी केला यावरूनही वाद. माणसं म्हणत, या दोघींचं पटत नाही. ज्यांचं पटत नाही ती माणसं अकरा वर्षं रोज सातला फोन करत नाहीत, एवढं साधं कुणाच्या डोक्यात येत नसे, आणि त्या दोघींच्याही येत नव्हतं.

मग ईस्टर आला. भाताचा वाडगा टेबलावर ठेवताना ओदील एल्डाला म्हणाली, "दुरेलला हाक मार, अंगणात बसून राहील नाहीतर दिवसभर." एल्डाच्या हातातला चमचा तसाच राहिला. दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, येईल तो, तू वाढ. आणि ओदीलने वाढलं, पुढे सगळं नेहमीसारखं झालं, म्हणून एल्डानेही ते नेहमीसारखं होऊ दिलं.

जूनमध्ये मका काढला. दरवर्षीप्रमाणे ओदीलच्या मागच्या ओसरीत बसून दोघींनी कणसं सोलली, सुरीने दाणे उतरवले, मग सुरीच्या पाठीने कणीस खरवडून त्याचं दूध काढलं. ते दूध नसेल तर तो मका माक शू, म्हणजे तिकडची मक्याची दाट भाजी, होत नाही, नुसता मका राहतो. पिशव्या भरल्या. बत्तीस ओदीलच्या, बारा एल्डाच्या. ओदील म्हणाली, माझ्या मी ठेवते फ्रीझरमध्ये, तू जा घरी, तुझी पाठ दुखतेय. चार दिवसांनी ओदील केस करायला गेली असताना एल्डा अंडी द्यायला तिच्या घरी गेली, आणि घरातल्या बोळात पाऊल टाकताच तिला वास आला. चादरींच्या कपाटात बत्तीस पिशव्या ओळीने लावलेल्या होत्या. दोन चादरी, एक थर पिशव्या, पुन्हा दोन चादरी. एवढ्या नीट लावलेल्या की एल्डाला रडू फुटलं.

तिने त्या सगळ्या ढकलगाडीत घातल्या, आपल्या परसात खड्डा करून पुरल्या. चादरी धुतल्या, वाळवल्या, इस्त्री करून परत ठेवल्या. मग आपल्या बारा पिशव्या नेऊन ओदीलच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या, आणि कमी दिसू नयेत म्हणून खाली बर्फाच्या पिशव्या रचल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने स्वतःला समजावलं. त्या उन्हाळ्यात ओदीलने तिला दोनदा मका वाढला आणि दोन्ही वेळा म्हणाली, "पाहिलंस, दूध कसं उतरलंय? तुला कधी जमायचं नाही."

जुलैमध्ये मात्र झाकण्यासारखं राहिलं नाही. गॅसवर टॉवेल पेटला. ओदीलनेच तो सिंकमध्ये टाकून विझवला, पण भिंत काळी झाली आणि पुढच्या रविवारी वेल्टनने ती पाहिली. वेल्टन शांत माणूस. बापावर गेलेला. त्याने आरडाओरडा केला नाही. त्याने सांगितलं की आपल्या घरात एक खोली रिकामी करून ठेवली आहे, आणि आणखी एक काही झालं, एकच, तर तो आईला घेऊन जाणार. ओदीलने सांगितलं की या घरातून मी आडवीच निघेन. दोघंही मनापासून बोलत होती, हीच पंचाईत होती.

वेल्टनने ऑगस्टमधला एक रविवार ठरवला. तो, त्याची बायको रोंडा आणि मुलगी केसी जेवायला येणार. जेवायला म्हणजे पाहायला, हे न कळायला कुणी खुळं नव्हतं. ओदीलने तर निक्षून सांगितलं होतं की ती एकटी सगळं करेल. भेंडी, मका, भात. एल्डाने फक्त आपलं ते सॅलड आणावं आणि मध्ये लुडबुड करू नये. शनिवारी सकाळी फोनवर ती एवढी खणखणीत बोलली की एल्डाला क्षणभर वाटलं, ईस्टर आणि चादरी आपल्यालाच स्वप्नात पडल्या असाव्यात.

रविवारी लवकरची प्रार्थना आटोपून एल्डा साडेअकराला सॅलडचा वाडगा घेऊन आली. स्वयंपाकघर झाडून लख्ख होतं. टेबल मांडलेलं. ओदील आत केस विंचरत होती. चुलीवर तीन भांडी होती. छोट्यात मका. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, झाकण कलतं ठेवलेलं असल्याने दिसला, कलेजीचा भात. एल्डा थबकली. भात त्यात कसा? मग तिने लोखंडी भांड्याचं झाकण उचललं.

भेंडी डांबरासारखी झाली होती. सकाळी सहापासून शिजत असणार. कांदा, टोमॅटो, चिकटपणा जाण्यासाठी घातलेला व्हिनेगर, सगळं ठीकठाक, वास तर असा की भूक लागावी. फक्त भांड्यांची अदलाबदल झाली होती. साठ वर्षं ज्या हाताने न पाहता भांडं उचललं, त्या हाताने चुकीचं उचललं होतं. दुसऱ्या एखाद्या मुलखात ही चूकही समजली गेली नसती. इथे मात्र यापेक्षा ओदील रस्त्यावर अनवाणी सापडली असती तरी बरं, अशी गत होती.

एल्डाने काय करता येईल ते झरझर मनात आणलं. ओतून टाकावी तर दुसरी भेंडी नाही. लपवावी तर वेल्टन आल्याबरोबर भेंडी कुठे म्हणून विचारणार. तो लहानपणापासून दारातून थेट चुलीपाशी जातो आणि एकेक झाकण उचलून पाहतो, मगच आईला मिठी मारतो. ती विचार करते आहे तोवर खडीवर ट्रकची चाकं वाजली.

वेल्टन आत आला तो चुलीपाशीच. त्याने मका पाहिला. भात पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. मग त्याने तिसरं झाकण उचललं आणि ते हातात धरून उभा राहिला. रोंडाने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. ती टेक्सासची, पण एकवीस वर्षं या घरात जेवलेली, तिलाही काळ्या भेंडीची गोष्ट पाठ होती. तिने केसीला उगाचच बाहेर गाडीतून काहीतरी आणायला पाठवलं. ओदील केसांत शेवटची पिन खोचत दारात आली होती.

"मॉम," वेल्टन हळू आवाजात म्हणाला, "हे काय आहे?"

"माझं आहे ते," एल्डा म्हणाली.

आपण बोललो हे तिला बोलल्यावर कळलं. मग मागे फिरता येईना. तिने सांगितलं की परसात भेंडी फार झाली होती, म्हटलं आपणही एकदा करून आणावी, चाळीस वर्षं काय नुसतं सॅलडच आणायचं? ओदीलचं लोखंडी भांडं आपल्याकडेच पडलं होतं, त्यात केली, म्हणून ओदीलला भात दुसऱ्यात करावा लागला. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस बोलतं तसं ती गरजेपेक्षा जास्त बोलली. पण त्या घरात एल्डा आणि काळी भेंडी यांची सांगड इतकी जुनी होती की कुणाला संशय येण्याचं कारणच नव्हतं. वेल्टनचा चेहरा सैल पडला आणि तो हसायला लागला. नको तेवढा हसला, सुटका झाल्यावर माणूस हसतो तसा.

आणि मग ओदील सुरू झाली. तिने कमरेवर हात ठेवले. "चाळीस वर्षं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मी या बाईला सांगतेय. तुझ्या आईच्या दलदलीतली भेंडी माझ्या टेबलावर आणू नकोस म्हणून. दगडाला सांगितलं असतं तर त्याने ॲल्युमिनियमचं भांडं घेतलं असतं."

ती जेवणभर थांबली नाही. केसीला तिने पहिल्या काळ्या भेंडीची गोष्ट मुळापासून सांगितली, नमुना परत करायला गेले होते इथपासून. माझा भाऊ भोळा म्हणून खपलीस, असं म्हणाली. शाळेतल्या पोरांची आतडी अजून काळी असतील, असंही म्हणाली. वेल्टनने काळी भेंडी ताटात घेतली आणि चवीला छान आहे म्हणून कबूल केलं, त्यावर ओदील म्हणाली, "अंधारात खाल्ली तर." सगळे पोट धरून हसले. तिला तारखा आठवत होत्या, कुणाच्या लग्नात कोण काय ल्यायलं होतं ते आठवत होतं. भाताला खरपुडी नाही म्हणून वेल्टन कुरकुरला, तर त्याचंही खापर तिने एल्डावर फोडलं.

एल्डा मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती. तिला वाईट वाटत होतं ते टोमण्यांचं नाही. टोमण्यांना ती केव्हाच निर्ढावली होती. तिने नणंदेकडे दोन-तीनदा डोळे लावून पाहिलं होतं. एखादी खूण, पापणीची एक हालचाल, टेबलाखालून पायाचा एक धक्का, काहीतरी येईल म्हणून. ओदीलने तिच्या डोळ्यांत सरळ पाहिलं आणि आणखी एक टोमणा मारला. त्या नजरेत काही लपवलेलं दिसलं नाही. ही नाटक करत नाही, एल्डाच्या मनात आलं. हिला खरंच वाटतंय की भेंडी माझी आहे. सकाळी सहाला उठून स्वतः चिरलेली भेंडी हिच्या डोक्यातून पार पुसून गेली आहे.

चारच्या सुमारास ती मंडळी निघाली. ओदील डब्यांत उरलेलं भरत होती. एल्डा वेल्टनबरोबर ट्रकपर्यंत गेली. तो मोकळेपणाने बोलत होता, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. आई अगदी ठणठणीत आहे म्हणाला. टॉवेल काय, कुणाचाही पेटेल. आपण राईचा पर्वत केला म्हणाला. ती खोली आता रोंडा शिवणकामाला घेईल. त्याने मामीच्या, म्हणजे त्याच्या 'तांत एल्डा'च्या, गालाचा मुका घेतला आणि तो दार उघडून आत बसायला लागला.

एल्डाला डोळ्यांसमोर गॅसची निळी ज्योत दिसत होती आणि तिच्याजवळचा टॉवेल. उद्या सातला फोन वाजेल आणि कुणी उचलणार नाही, तेव्हा हे आपल्या एका वाक्यामुळे झालं असेल. दुसऱ्या बाजूला, ओदील गेली की या रस्त्यावर ती एकटी. भांडायलासुद्धा कुणी नाही. तिला स्वतःचीच भीती वाटली, की आपण गप्प राहू ते ओदीलसाठी की आपल्यासाठी.

"ती भेंडी माझी नव्हती," ती म्हणाली.

वेल्टनने दार परत बंद केलं. रोंडाने आतून रेडिओ बंद केला. एल्डाने सगळं सांगितलं. भांडी, भात, दुरेलला मारलेली हाक, चादरींतला मका. आणि सगळ्यात वाईट हे, की ओदीलला आता आठवतही नाहीये. वेल्टन कुंपणाकडे पाहत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "तांत एल्डा, म्हणजे ईस्टरपासून? आणि तू बोलली नाहीस?" ती नाही म्हणाली. तो तिच्यावर रागावला नाही, ते तिला जास्त लागलं. पुढच्या रविवारी येतो, म्हणाला. आईला काय सांगायचं ते तो तेव्हा सांगेल. तोवर गॅसकडे लक्ष ठेव. ट्रक वळला आणि धूळ खाली बसेपर्यंत एल्डा तिथेच उभी राहिली.

ती आत आली तेव्हा ओदील लोखंडी भांडं पुसत होती. लोखंडाला साबण लावायचा नाही, फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवायचा, ते ती करत होती. एल्डा ताटं गोळा करू लागली.

"दहा वाजता पाहिलं मी," ओदील भांड्याकडे बघत म्हणाली. "झाकण उचललं आणि पाहिलं. परत ठेवलं. म्हटलं, झालं. आता वेल्टन आला की संपलं. आत जाऊन केस विंचरत बसले. दुसरं काय करणार?"

एल्डाच्या हातातली ताटं सिंकमध्ये वाजली.

"आणि तू म्हणालीस, माझं आहे." ओदीलने तेलाचं बोट काठावरून फिरवलं. "माझ्यासाठी असं कुणी केलं नाही गं. नवऱ्याने नाही, आईने नाही. मला तर तिथेच रडू येत होतं. पण गप्प बसले असते तर त्याला लगेच कळलं असतं. काळी भेंडी समोर आणि मी तुला बोलत नाही, असं कधी झालंय का? म्हणून बोलले. भरपूर बोलले. तुला लागलं असेल तर..."

तिला 'माफ कर' म्हणता आलं नाही. चाळीस वर्षांत तो शब्द त्या दोघींत कधी वापरलेला नव्हता. तिने भांडं खुंटीला अडकवलं आणि हात पुसत विचारलं, "ट्रकपाशी एवढं काय बोलत होतात?"

एल्डाला एक खोटं मघाशी जमलं होतं. दुसरंही जमलं असतं. रोंडाच्या गुडघ्याबद्दल बोलत होतो, भेंडीबद्दल हसत होतो, काहीही. पण नणंद तिच्याकडे ज्या नजरेने पाहत होती त्या नजरेने तिने आजवर कधीच पाहिलं नव्हतं.

"खरं सांगितलं मी त्याला," ती म्हणाली. "मला वाटलं, तू विसरलीस. तू माझ्याकडे अशी पाहत होतीस, मला वाटलं तुला काही आठवतच नाही. भेंडीचं सांगितलं. दुरेलचं सांगितलं. मक्याचं."

ओदीलचा चेहरा आधी पांढरा पडला. ती रागावेल म्हणून एल्डा वाट पाहत राहिली. पण ओदील कशावर तरी अडली होती.

"मक्याचं काय?" तिने विचारलं. "कुठला मका?"

आणि मग एल्डाला कळलं की आपण काय केलं. ही बाई भेंडी विसरली नव्हती. चादरींच्या कपाटातलं मात्र हिला कधी ठाऊकच नव्हतं, कारण ते तिला कळण्याआधीच एल्डाने धुऊन, इस्त्री करून ठेवलं होतं. आता ते वेल्टनला माहीत होतं, रोंडाला माहीत होतं, ट्रकमध्ये बसलेल्या केसीलाही माहीत होतं. फक्त जिचं होतं तिलाच माहीत नव्हतं.

"कुठला मका, एल्डा?"

"तुझा," एल्डा म्हणाली. "जूनमधला. तू खातेयस तो माझा आहे."

ओदील टेबलाचा कोपरा धरून खुर्चीत बसली. फ्रीझर मागच्या ओसरीत होता, तिने एकदा तिकडे पाहिलं, उठून जाऊन पाहावं की काय अशी हालचाल केली आणि मग नाही गेली. तिचा आवाज आला तेव्हा त्यात टोमणा नव्हता, त्यामुळे एल्डाला तो ओळखूच येईना.

"माझ्या डोक्याला काय होतंय ते तू माझ्या पोराला सांगितलंस," ती म्हणाली. "मला सांगायचं होतंस. मला आधी."

एल्डाला वाटलं होतं, ती नणंदेची लाज राखते आहे. खरं तर तिची हिंमत झाली नव्हती, दुसरं काही नाही, आणि हिंमत नसल्याला ती आजपर्यंत माया म्हणत आली होती. ती रडायला लागली. ओदील रडली नाही. तिने टेबलावरचा काळी भेंडी उरलेला वाडगा बाजूला सारला, समोरची जागा मोकळी केली आणि पायाने दुसरी खुर्ची थोडी बाहेर ढकलली.

"किती वेळा झालंय असं?"

"मला माहीत आहे ते तीनदा. टॉवेल सोडून."

"रविवारी तो येऊन मला सांगणार. त्याच्या आधी मला माहीत पाहिजे. सगळं सांग, काही गाळू नकोस. मी मध्ये बोलणार नाही."

एल्डाने डोळे पुसले, खुर्चीत बसली आणि ईस्टरपासून सांगायला सुरुवात केली.